लोहदेवाची पावलं

"देवाचा पाय सरळ करा," तात्या म्हणाले आणि चित्रांची अख्खी चळत त्यांनी रझाकच्या टेबलावर आपटली. शाईची दौत हिंदकळली, ती रझाकनं दोन्ही हातांनी धरली.

"कुठल्या देवाचा?" त्यानं विचारलं, जणू आमच्याकडे दहा-वीस देव कामाला होते.

"तुझ्या आजोबाचा! ह्या लोहदेवाचा. हीरो आहे का भिकारी? प्रत्येक पानावर लंगडतोय."

"तात्या, तो लंगडाच आहे. तुम्हीच दिलेल्या पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकात पुष्कळ लिहिलंय. अरे, उद्या पोरं पाठीला टॉवेल बांधून लोहदेव-लोहदेव खेळणार. ती काय लंगडत खेळतील? लंगडा देव कोण विकत घेईल?"

आणि मग त्यांना आठवलं, की खोलीत मीही आहे. माझ्याकडे वळून ते घाईघाईनं म्हणाले, "तसं नव्हे गं पद्मा."

'तसं नव्हे' हे मी जन्मभर ऐकत आले होते. लोक आधी बोलायचे तेच बोलतात, मग माझ्या डाव्या पायाकडे बघतात आणि म्हणतात, तसं नव्हे. मला पोलिओ झाला तेव्हा मी नीट चालायलाही शिकले नव्हते. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, गुडघ्याशी एक सरकती कडी. उभं राहिलं की कडी खाली पडते आणि पाय ताठ होतो. बसलं की कडी वर ओढायची. बसल्याबसल्या तिच्याशी चाळा करायची मला वाईट खोड होती. डोकं फिरलं की खट् खट् खट् चालू. तेव्हाही चालूच होतं.

ही सांगलीतली, गणपती पेठेतली गोष्ट. माडीवर फळ्यांच्या जमिनीची लांबोडकी खोली, खाली छापखाना. तात्या बेडगे त्याचे मालक. कॅलेंडरं, लग्नपत्रिका, शाळेची गाइडं छापून बरं चाललं होतं माणसाचं. पण एसटी स्टँडवरच्या दुकानात कॉमिक्सच्या माळा लटकायला लागल्या आणि तात्यांच्या अंगात आलं. आपणपण काढायचं! देव पाहिजे, शक्ती पाहिजे, मारामारी पाहिजे.

"मग मारुती घ्या की," रझाक म्हणाला होता.

"नको रे बाबा. आपला देव घेतला की उद्या कोणतरी जाब विचारायला येतंय, शेपूट आखूड का काढली म्हणून. ग्रीकांचे देव घेऊ. त्यांच्या बाजूनं भांडायला सांगलीत कोण येणार?"

असा देवांचा लोहार हिफेस्टस आमच्या माडीवर आला. ते नाव तात्यांना एखाद्या रोगासारखं वाटायचं, म्हणून त्याचा लोहदेव केला. अंगात चिलखत, डोळ्यांवर मुखवटा, हातात घण. कथा तात्या लिहायचे, चित्रं रझाक मुजावर काढायचा. तो मिरजेहून सायकलवर यायचा आणि आल्याआल्या पंख्याखाली बनियन फडफडवत उभा राहायचा. अक्षरं माझी. फुग्यांतले संवाद माझ्या हातचे, आणि आवाजही. धडाम, खळ्ळ, सूंऽऽ, काय पाहिजे ते. आवाज कसा लिहायचा त्यात तात्या फारसे पडायचे नाहीत.

मुळातली गोष्ट मला आवडली होती. पोर लंगडं जन्मलं म्हणून आईनं, म्हणजे देवांच्या राणीनं, त्याला स्वर्गातून खाली फेकलं. ते समुद्रात पडलं, वाढलं, लोहारकाम शिकलं. मग त्यानं आईला सोन्याची खुर्ची पाठवली. ती बसली ती चिकटली, उठताच येईना. तात्यांनी पुढं जोड दिली होती, की तेवढ्यात राक्षस स्वर्गावर चाल करून येतात आणि लोहदेव येऊन सगळ्यांना वाचवतो. आधी त्याची फक्त पावलं वाजतात, मग तो दिसतो. ते पान आमचं सगळ्यात मोठं.

"मग आईनं त्याला फेकला कशाला?" रझाक अजून भांडत होता. "लंगडा नाही तर फेकायचं कारण काय?"

तात्यांनी चष्मा पुसला. "कडेवरनं निसटला म्हणा."

"निसटला?"

"निसटतात पोरं. तू नको वाद घालू. संध्याकाळच्या गाडीनं पानं कोल्हापूरला गेली पाहिजेत, छपाईच्या निगेटिव्ह काढायला." आणि ते धाडधाड जिना उतरून गेले.

मी वरचं पान ओढून घेतलं. इतके दिवस रझाक कच्च्या पेन्सिलीत काढायचा, मी फुगे भरायचे, नीट बघितलंच नव्हतं. आता शाई झालेली चित्रं बघितली आणि कानशिलं तापली. लोहदेव जिना चढत होता. आधी उजवा खांदा वर, मग कंबरेतून एक झोका, मग डावा पाय मागून ओढत. घण उजव्या खांद्यावर, तोल सांभाळायला. मी पिशवी तशीच घेते. ती मान, जिना चढताना पायरीकडे न बघता भिंतीकडे बघायची, तीही माझीच.

"रझाक, हे कुणाचं चालणं आहे?"

तो ब्रश धुवायला लागला. स्वच्छ होता ब्रश.

"मी काय विचारते?"

"पुस्तकात तो चालताना दाखवला नव्हता," तो म्हणाला. "मला कसं चालतात ते बघायला पाहिजे होतं."

"म्हणून मला बघितलंस. रोज. जिन्यावर."

"हो."

"विचारलंस का मला?"

"विचारलं असतं तर तू नीट चालली असतीस."

खरं होतं ते, म्हणूनच जास्त झोंबलं. मी जिना चढताना कुणी बघत नाही अशी माझी समजूत होती. त्यासाठी मी सगळ्यांच्या आधी यायचे, तरी ह्यानं कुठूनतरी बघितलंच होतं. घरीही हेच शिकले होते. पाहुणे येणार असले की आई आधीच सांगायची, "पावणं यायच्या आदी बसून घे." मी खुर्चीत बसायचे, पायावर पदर नाहीतर वर्तमानपत्र, आणि पाहुणे जाईपर्यंत उठायचं नाही. तहान लागो, काही होवो. कितीतरी नातेवाइकांनी मला कधी चालताना बघितलंच नव्हतं. आणि हा गडी मला सांगली, सातारा, पुणे सगळीकडच्या स्टँडवर चालवत नेणार होता!

"तात्या म्हणतात तेच बरोबर," मी म्हणाले. "आण इकडे. मीच पुसते."

पोस्टर व्हाइटची बाटली घेतली, बारीक ब्रश घेतला, आणि एकेक डावा पाय पांढरा करत सुटले. मी पुसायचे, रझाक त्यावर सरळ पाय काढायचा. पहिली काही पानं रागातच झाली. मग हात मंदावला. सरळ झालेला लोहदेव बघवेना. छान दिसत होता, कॅलेंडरातल्या देवासारखा. पण जिना चढताना आता तो कुणीच नव्हता. मला कळेना मला काय होतंय ते. माझं चालणं कुणी चोरलं म्हणूनही राग, आणि आता ते पुसलं जातंय म्हणूनही राग! दोन्हीकडून माझंच डोकं फिरलं होतं. खुर्चीत बसवेना. कडीचा चाळा इतका चालला होता, की खालून कंपोझिटरनं ओरडून विचारलं, वर कोण खिळे ठोकतंय.

शेवटी ते मोठं पान आलं. खुर्चीला चिकटलेली राणी, दाराबाहेर काळोख, आणि पावलांच्या आवाजासाठी सोडलेली आडवी जागा. तात्यांच्या कागदावर लिहिलं होतं, 'धाड! धाड! धाड!'

शाई संपली होती. मी उठले, कडी पडली, आणि तणतणत खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटाकडे निघाले. फळ्यांवर आवाज यायला लागला. उजवा पाय पडला, ठक्. डावा मागून आला, सर्र. ठक्, सर्र. मी हा आवाज रोज करते, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. कपाटापाशी उभी राहिले. परत आले. पुन्हा गेले. रझाक टकामका बघत होता.

"काय झालं?"

"काही नाही. तू पाय काढ."

मी बसले आणि धाड-धाड सोडून लिहिलं, 'ठक्… सर्र… ठक्… सर्र…' ठक् जाड, काळं, उभं. सर्र बारीक, लांब, जमिनीला टेकून ओढलेलं. आडवी जागा भरून गेली. मग मागची पानं ओढली आणि जिथं जिथं लोहदेव चालतो तिथं तिथं तेच केलं. असं भराभर मी कधी लिहिलं नव्हतं.

तात्या वर आले, पानं न्याहाळायला लागले. "हे सर्र काय?"

"लोखंडी बूट आहेत त्याचे. जड आहेत. एक उचलला जातो, एक घासत येतो."

"पाय सरळ आहे ना पण?"

"तुमच्या समोर आहे की. आहे का नाही सरळ?"

त्यांनी पान लांब धरलं, जवळ धरलं. "आहे," ते म्हणाले. "आवाज बरा वाटतोय. पोरांना आवाज लागतो. राहू दे." आणि गाडीची चौकशी करायला गेले.

रझाकनं मान वर केली नाही. चिलखताच्या कड्या भरता भरता तो हळूच म्हणाला, "एक खट् राहिलं."

"कुठलं खट्?"

"उठताना येतं ते. तो भट्टीपाशी बसलेला उठतो ना, तिथं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. ह्यानं नुसतं बघितलं नव्हतं, ऐकलंही होतं. माझा राग गेला असं नाही, पण त्याच्यासमोर मला एकदम मोकळं वाटलं, आणि असं मला तोवर कुणासमोर वाटलं नव्हतं.

"पुढच्या वेळी विचारायचं," मी म्हणाले.

"विचारीन. तू काय म्हणशील?"

"नाही म्हणेन."

"बरं," तो म्हणाला आणि हसला. मी भट्टीपाशी 'खट्!' लिहिलं आणि पानं गाडीवर गेली.

नंतरचं एक आधीच सांगून टाकते, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचंय. लोहदेव खपला. बऱ्यापैकी खपला. आणि एके दिवशी तात्या चक्रावून माडीवर आले. "अगं, आमच्या गल्लीतली पोरं टॉवेल बांधून लंगडतायत! एक पाय आपटतायत, एक ओढतायत. तोंडानं ठक्-सर्र, ठक्-सर्र. चित्रात पाय सरळ, तरी लंगडतायत. ही काय भानगड आहे?" मी आणि रझाकनं एकमेकांकडे बघितलं नाही, नाहीतर हसून फुटलो असतो. थोडा वेळ तात्यांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, "पुढच्या अंकात वाकडाच काढ बाबा. गिऱ्हाईक म्हणेल ते."

आता घरचं. पहिला अंक छापून आला आणि मी एक प्रत खणभागातल्या आमच्या घरी नेली, तेव्हा घरात वेगळीच गडबड होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, माझ्या धाकट्या बहिणीला, त्रिशलाला, बघायला इचलकरंजीची माणसं येणार होती. स्थळ चांगलं होतं. त्रिशलाला मुलगा आवडला होता, फोटो तिनं उशीखाली ठेवला होता. आधीचं एक स्थळ मोडलं होतं. का मोडलं ते कुणी तोंडानं सांगितलं नव्हतं, पण त्या वेळी मी चहाचे कप उचलायला उठले होते. आता तशी चूक व्हायला नको होती.

रविवारी सकाळपासून आई घरभर भिरभिरत होती. उंबरा पुसला, पडदे बदलले. मग माझी खुर्ची तिनं कोपऱ्यात खिडकीशी नेऊन ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पावणं यायच्या आदी बसून घे गं पद्मा."

"अजून वेळ आहे की."

"असू दे. बसून घे. मला घोर नको."

मी बसले. कडी वर ओढली. त्रिशला आत साडीच्या निऱ्या काढत होती. आईला आता काही काम उरलं नव्हतं आणि हातांना चैन नव्हती, म्हणून तिनं समोरचा लोहदेव उचलला. आई प्रौढ शिक्षणाच्या वर्गात जाऊन मोठेपणी वाचायला शिकली. तिला मनात वाचता यायचं नाही. बोट ठेवून, मोठ्यानं, छापलेलं सगळं वाचायची. किंमतसुद्धा, छापखान्याचं नावसुद्धा.

"लो-ह-देव," तिनं सुरू केलं. "राणीच्या कडेवरनं बाळ नि-सट-लं." ती थांबली. "निसटलं? एवढी देवाची राणी आणि कडेवरनं पोर निसटलं? आईच्या कडेवरनं पोर निसटत नसतंय."

"तात्यांनी लिहिलंय ते."

"मग खरं काय झालंतं?"

"वाच की पुढं."

वाचत गेली. भट्टी आली. "खट्," तिनं वाचलं. पुढं, "ठक्. सर्र. ठक्. सर्र." तिचं बोट पुढं सरकत होतं, मग सरकेना. तिनं तीच ओळ पुन्हा वाचली, हळू. "ठक्. सर्र." मग त्या मोठ्या पानावर आली. खुर्चीला चिकटलेली राणी आणि बाहेरून येणारा आवाज. ते तिनं वाचलं नाही. नुसती बघत बसली.

"हे तू लिवलंस?"

"हो."

"ह्यो तुझ्यागत चालतोय."

"चित्रात सरळ आहे की पाय."

"चित्र जाऊ दे खड्ड्यात. तू जिन्यावर आलीस की मला चुलीपाशी कळतंय. इतकी वर्सं कान लावून बसते मी, पडली तर न्हाई ना म्हणून." तिनं पान मिटलं नव्हतं. "खरं काय झालंतं, सांग. का टाकलं त्याला?"

सांगायचं नव्हतं मला. त्या दिवशी तर नव्हतंच. पण खुर्चीत बसून बसून माझा जीव विटला होता.

"लंगडा होता म्हणून," मी म्हणाले. "चारचौघांत दिसायला नको म्हणून."

आईनं अंक मांडीवर ठेवला. ह्या बाईनं मला कडेवर घेऊन मिरजेच्या दवाखान्याच्या फेऱ्या मारल्या होत्या. गाडीत जागा नसली तर उभी राहून, पायाला लोखंड लागलेली जड पोर अंगावर घेऊन. तिनं मला टाकलं असतं का? मेली असती, पण टाकलं नसतं. ती फक्त मला बसवायची. आणि त्याचा मला किती त्रास होत होता, ते मी तिला एकदाही सांगितलं नव्हतं.

"आई, तू तसली नाहीस," मी म्हणाले. "पण मला आता बसवत नाही गं. खरंच बसवत नाही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं, जिन्यावर पावलं आणि बायकांची कुजबुज, आणि दाराची कडी वाजली. आतून त्रिशलानं घाबऱ्या आवाजात हाक मारली, "आई, आले!"

आई उठली. दोन पावलं दाराकडे गेली आणि थबकली. मग परत फिरली आणि माझ्या खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली.

"काय?"

"ऊठ. दार तू उघड."

"आई, वेड लागलंय का? त्रिशलाचं मोडेल."

त्रिशला आतल्या दारात आली होती. अर्धी वेणी हातात. तिनं आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "जा तू, ताई," ती म्हणाली. "ह्यांना आज नाही कळलं तर लग्नात कळणार आहे. माझ्या लग्नात तू काय खुर्चीत बसून राहणार?"

पुन्हा कडी वाजली. मी खुर्चीच्या हातांवर भार दिला आणि उठले. खट्. घर एवढं शांत होतं की मलाच दचकायला झालं. ठक्, सर्र. ठक्, सर्र. आमची शहाबादी फरशी, तिच्यावर लोखंड चांगलंच वाजतं. दाराबाहेरची कुजबुज थांबली. ते ऐकत होते. मागं फिरावं असं एकदा वाटलं, खोटं कशाला सांगू.

मागून आई मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल अशी म्हणाली, "थांबा हां पावणं, माझी थोरली येतीया दार उघडायला."

मी कडी काढली.